यंत्राने श्वास दिल्यावर रक्तदाब का उतरतो?

प्रश्न : आमच्या ९ वर्षांच्या लॅब्रॅडॉर कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला होता आणि दोन दिवस तिने पाणीही नीट घेतले नव्हते. ठाण्यातल्याच एका दवाखान्यात तिची शस्त्रक्रिया झाली. भूल देऊन व्हेंटिलेटर लावल्यावर थोड्याच वेळात तिचा रक्तदाब बराच खाली आला, ऑक्सिजनचा आकडा मात्र ९९ होता. डॉक्टरांनी यंत्राचा दाब कमी केला, सलाइन वाढवले आणि ती सावरली. फुप्फुसांत हवा भरल्याने रक्तदाब कसा उतरतो?
— एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : आपली कुत्री सावरली हे वाचून फार समाधान वाटले.

प्राणी स्वतःहून श्वास घेतो तेव्हा श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) खाली सरकते, छातीच्या पोकळीतला दाब उतरतो, आणि त्याच ओढीने हवा फुप्फुसांत शिरते व पोटाकडच्या मोठ्या शिरेतले रक्तही हृदयाकडे खेचले जाते. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाला छातीतला दाब चढतो आणि परतणाऱ्या रक्ताला मिळणारी ओढ नाहीशी होऊन तिच्या जागी अडथळा येतो.

हा अडथळा किरकोळ वाटतो, पण आकडे पाहा. रक्ताभिसरण क्षणभर थांबवले तर वाहिन्यांत किती दाब उरतो, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांनी १९५०च्या दशकात कुत्र्यांवरील प्रयोगांत मोजले. तो सुमारे ७ मिलिमीटर पारा इतकाच भरला. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातला दाब शून्याच्या आसपास असतो, म्हणजे साऱ्या शरीराचे रक्त हृदयाकडे परतते ते एवढ्याशा उतारावर. भुलेखालच्या कुत्र्याला यंत्राने श्वास देताना साधारण १० ते २० सेंटिमीटर पाण्याइतका दाब लागतो, आणि १० सेंटिमीटर पाणी म्हणजेच जवळपास ७ मिलिमीटर पारा. निरोगी फुप्फुसांतून यातला साधारण निम्मा दाब छातीच्या पोकळीत उतरतो, तरी तो पुरेसा जाणवतो. नळाला पाणी मंद येत असताना रबरी नळीचे तोंड थोडे उंच धरले की धार थांबते, तसेच शिरांतल्या रक्ताचे होते.

एरवी शरीर शिरा आवळून ही तूट भरून काढते. आपल्या कुत्रीच्या अंगात मात्र पाणी कमी होते, जंतुसंसर्गाने रक्तवाहिन्या सैलावलेल्या असण्याची शक्यता होती, आणि भुलीचा वायू त्या आणखी सैल करतो व हृदयाचे आकुंचनही मंदावतो. म्हणून सगळा दोष यंत्राला देणे मला योग्य वाटत नाही. सलाइनने शिरांतला दाब वाढला, यंत्राचा दाब कमी केल्याने अडथळा घटला, आणि उतार दोन्ही बाजूंनी पूर्ववत झाला.

ऑक्सिजनच्या आकड्याबद्दल गैरसमज सहज होतो. ९९ हा आकडा रक्तातल्या हिमोग्लोबिनने किती ऑक्सिजन उचलला आहे एवढेच सांगतो. मिनिटाला किती रक्त मूत्रपिंडांपर्यंत पोचते आहे, हे त्यातून कळत नाही, आणि अवयव जगतात ते या पोचलेल्या रक्तावर.

तरीही दाब जितका कमी तितका चांगला, असे नाही. वायुकोश, म्हणजे फुप्फुसांतले हवेचे सूक्ष्म फुगे, फार फुगले तर त्यांना वेढणाऱ्या केशवाहिन्या चेपल्या जाऊन उजव्या हृदयावर ताण येतो. फुप्फुसे फार रिकामी राहिली तर मोठ्या वाहिन्या अरुंद होऊन तोच ताण पुन्हा वाढतो. सहज उच्छ्वासानंतर फुप्फुसांत जेवढी हवा उरते, तेवढ्या हवेला फुप्फुसांतून जाणाऱ्या रक्ताला होणारा हा रोध सर्वांत कमी असतो. वेब आणि टिअर्नी या संशोधकांनी १९७४ साली उंदरांना ४५ सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबाने श्वास दिले, तेव्हा तासाभराच्या आत फुप्फुसांत पाणी भरले. उच्छ्वासाच्या शेवटी १० सेंटिमीटर दाब राखलेल्या उंदरांत मात्र वायुकोश कोरडे राहिले. पण हाच राखलेला दाब हृदयाकडे परतणारे रक्तही अडवतो, म्हणून तो रक्तदाबाकडे पाहतच ठरवावा लागतो.

दवाखान्याकडे भुलीच्या नोंदीची प्रत मागता येईल. यंत्राचा दाब कमी केल्यावर, सलाइनचा परिणाम होण्याआधी, पुढच्या काही श्वासांतच रक्तदाब वर आलेला दिसला, तर मुख्य कारण छातीतला दाब होता असे समजावे. तो सावकाश, सलाइन जात गेले तसा चढला असेल, तर पाण्याची कमतरता अधिक महत्त्वाची होती.