हॉट व्हील्सची खेळण्यातली छोटी गाडी घरी नव्याने रंगवायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

गाडी उलटी करा. तळाला एक-दोन रिव्हेट, म्हणजे भाग जोडणाऱ्या गोल डोक्याच्या धातूच्या खिळ्या, दिसतील. पंचाने (टोकदार लोखंडी हत्याराने) मधोमध खूण करून ड्रिलने फक्त त्यांचं डोकं उडवा. बॉडी, काच, सीट सगळं सुटं होतं. बॉडी धातूची असेल तरच तिला पेंट रिमूव्हर लावा, हातमोजे घालून. प्लास्टिकच्या भागांना तो लागू देऊ नका, ते खराब होतात. मग साबणाने धुऊन प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात.

खरं कसब रंगात आहे. १:६४ (खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याच्या) एवढ्या छोट्या मापात जाड हात दिला की दारांच्या रेषा बुजतात आणि गाडीचा चेहराच हरवतो. स्प्रेचे पातळ हात द्या, मधे वाळू द्या. पावसाळी दमट हवेत तर मारूच नका, लॅकर (पटकन वाळणारा चकचकीत रंग) पांढुरका पडतो. जोडताना रिव्हेटच्या जागी २ मिमीचा स्क्रू वापरा, म्हणजे पुन्हा उघडता येईल.