मोडल क्रियापदं आणि काळ: आधी अर्थ ठरवा

इंग्रजीतली कुड, वुड, माइट ही मोडल क्रियापदं (शक्यता, सक्ती, क्षमता दाखवणारी सहाय्यक क्रियापदं) फक्त भूतकाळाची रूपं म्हणून पाठ केली असतील, तर ती पाटी आधी पुसा. 'शी माइट कम टुमॉरो' हे अगदी बरोबर आहे. 'माइट' तिथे उद्याची शंका दाखवतो. 'कुड यू कॉल मी टुमॉरो?' यातला 'कुड' फक्त नम्रपणा आणतो.

खरी अडचण 'यस्टर्डे' आलं की होते. काल जाणं भाग पडलं असेल तर 'आय मस्ट गो यस्टर्डे' चालत नाही, 'आय हॅड टू गो यस्टर्डे' म्हणा. 'ही मस्ट हॅव गॉन यस्टर्डे' म्हटलं की सक्ती संपली, अंदाज सुरू झाला: तो काल गेला असणार.

आता ही जोडी नीट बघा, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'यू शुड हॅव कॉल्ड यस्टर्डे' म्हणजे फोन करायला हवा होता, पण झाला नाही. त्यात तक्रार आहे. 'दे शुड हॅव रीच्ड बाय नाउ' यात बहुतेक वेळा तक्रार नसते, एव्हाना पोचले असतील असा हिशेब असतो. क्रियापदाची रचना तीच, पण वेळेच्या शब्दांनी अर्थाची दिशा फिरवली. अशी वाक्यं मोठ्याने म्हणा, स्वतःची बनवा.

'आय कुड स्विम व्हेन आय वॉज फाइव्ह' ठीक, कारण ती तेव्हाची क्षमता. काल एकदाच धावत जाऊन गाडी पकडता आली, तर 'आय वॉज एबल टू कॅच द ट्रेन'. नकारात मात्र 'कुडन्ट' बिनधास्त वापरा.

'शॅल' सध्या बाजूला ठेवलात तरी चालेल.