ओव्हर कुणाला द्यायचा?

"दिवसभर मोठं असं काही केलेलं नसतं, तरी घरी जाऊन आडवी झाले की उठवत नाही." शाळेत नर्स म्हणून काम करणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा थोड्याफार फरकाने हेच वाक्य बोलतात. त्यापाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "आणि हे कुणाला सांगावं तर म्हणतात, तुला काय, नाईट नाही, इमर्जन्सी नाही, वर दिवाळीची सुट्टी." म्हणजे दमणं आहेच, शिवाय दमायचा हक्कही नाही. त्यातली एक गोष्ट इथे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत सगळे तिला सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणते.

सिस्टर एक्केचाळीस वर्षांच्या. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या. बारा वर्षं वॉर्डात काढलेली, त्यातली पाच लहान मुलांच्या. पुण्याजवळच्या एका खासगी शाळेत तीन वर्षांपासून. मुलं चौदाशे, सिक रूम एक, खाटा दोन, आणि अर्धा दिवस येणाऱ्या एक मावशी.

पहिल्या भेटीत त्यांनी तक्रारींची पिशवीच उलटी केली. गणिताची चाचणी असली की तिसऱ्या तासाला पोटदुखीची रांग लागते. पीटीचे सर पळायचा कंटाळा आलेल्यांना पाठवून देतात. गॅदरिंगच्या महिन्यात सिक रूम म्हणजे सेफ्टी पिनांचं दुकान. मधल्या सुट्टीत शिक्षक बीपी मोजायला येतात, त्यामुळे डबा थंड. सकाळी सातला आईचा मेसेज, "बॅगेत सिरप आहे, दहाला द्या," आणि बॅगेत लेबल निघालेली बाटली. एका बुधवारी त्यांनी मोजलं होतं. अडतीस मुलं आली आणि चौदा घरी फोन केले.

अडतीस मुलांचं मला नवल वाटलं नाही. मी अडले ती चौदा फोनांवर.

"खरचटलं तरी फोन?"

"हो."

"कधीपासून?"

सिस्टर पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. "गेल्या जुलैपासून."

जुलैत चौथीतला एक मुलगा ओल्या कॉरिडॉरमध्ये घसरला. कपाळाला टेंगूळ आलं. सिस्टरांनी बर्फ लावला, अर्धा तास बसवून ठेवलं, बरा दिसला म्हणून वर्गात पाठवला. संध्याकाळी घरी त्याला दोन उलट्या झाल्या. आईवडिलांना काहीच माहीत नव्हतं, ते दुपारच्या खाण्यावर घेत बसले. मग टेंगूळ दिसलं, धावपळ, सीटी स्कॅन, एक रात्र दवाखान्यात. स्कॅन नॉर्मल आला. पण दुसऱ्या दिवशी वडील ऑफिसात उभे होते, आणि त्यांच्यासमोरच सिस्टरांना ऐकावं लागलं, "इतकं कळायला नको का तुम्हाला?"

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वळणाने. त्यामुळे समोरच्याच्या बोलण्यातला 'च' माझ्या कानाला आधी टोचतो. मला कळायलाच हवं होतं. माझ्या हातून चूक होताच कामा नये. इच्छा तीच असते, पण तिला 'च' लागला की तिचा हुकूम होतो आणि तो पाळणं माणसाच्या आवाक्यात राहत नाही. पहिल्या तीन भेटी आम्ही या 'च'वर घालवल्या. सिस्टर हुशार, त्यांना सगळं पटलं. रात्रीची झोप थोडी सुधारली. फोन मात्र चौदावरून बारावर आले, तिथेच थांबले.

पटलेलं असूनही हात फोनकडे जातो, तेव्हा सहसा आपण चुकीच्या विचाराशी भांडत असतो. चौथ्या भेटीला मी त्यांना जुलैच्या नोंदी घेऊन यायला सांगितलं. शाळेचं रजिस्टर बाहेर आणता येत नव्हतं, म्हणून मुलाचं नाव वगळून ती एक ओळ त्यांनी कागदावर उतरवून आणली.

"१०:५०. ४ थी. कॉरिडॉरमध्ये घसरला. कपाळावर उजवीकडे टेंगूळ. बेशुद्ध झाला नाही. उलटी नाही. प्युपिल (डोळ्यांतल्या बाहुल्या) समान. चाल सरळ. बर्फ १० मि. ११:२५ वर्गात."

मी ती दोनदा वाचली. इतक्या घाईच्या जागी इतकी नेटकी नोंद! मी विचारलं, "आज १०:५० ला हाच मुलगा अशाच अवस्थेत आला, तर काय कराल?"

"हेच."

"सगळं हेच?"

"तपासणी हीच. बर्फ हाच. वर्गातही पाठवीन, शिक्षकांना लक्ष ठेवायला सांगून." मग बराच वेळ पंख्याचाच आवाज. "घरी मात्र कळवीन. पण आता करते तसा फोन नाही. वॉर्डात कसं..."

"कसं?"

"वॉर्डात ओव्हर देतो ना आम्ही, तसं."

दवाखान्यात काम न केलेल्यांसाठी सांगते. ड्यूटी संपवून निघणारी सिस्टर पुढच्या सिस्टरला प्रत्येक खाटेपाशी नेऊन सांगते की याचं सलाईन चारला संपेल, हिला दुपारी ताप होता, याच्यावर लक्ष ठेव. त्याला ओव्हर देणं म्हणतात. दिला की त्या खाटेची काळजी दुसरीच्या अंगावर जाते, आणि पहिली बसमध्ये बसल्यावर झोपू शकते. बारा वर्षं सिस्टर अशाच झोपत आल्या होत्या.

शाळेत अडीचला घंटा होते, बस निघतात, चौदाशे मुलं फाटकाबाहेर पडतात आणि ओव्हर घ्यायला कुणीच नसतं. मुलं घरी जातात तशी सिस्टरांच्या डोक्यातूनही त्यांच्या घरी जातात.

हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मला आनंद झाला हे कबूल करते. मी तीन भेटी अपराधी भावनेशी झुंजत होते आणि खाली एक साधी कामाची पायरी गहाळ होती. रोजच्या फोनांचा अर्थही तेव्हा उलगडला. सिस्टर फोन करत ते माहिती द्यायला नव्हे. पलीकडून "काही हरकत नाही सिस्टर" ऐकायला मिळावं म्हणून करत. ते वाक्य तासभर पुरायचं, मग पुढचं मूल. त्यात पालकही वैतागलेले, कारण नखाएवढ्या ओरखड्यासाठी मीटिंगमधून बाहेर यावं लागे. जुलैतली तपासणी चुकली नव्हती. चुकलं होतं ते कळवणं. या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकच झाल्या होत्या, आणि ऑफिसातल्या त्या एका वाक्याने त्या घट्ट चिकटवल्या होत्या.

जाता जाता, हे काम जन्मालाच असं आलं होतं. न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली लिना रॉजर्स या नर्सला चार शाळांवर नेमलं गेलं. तोवर डॉक्टर खरूज, उवा, डोळ्यांचे आजार पाहून मुलांना घरी पाठवून देत. घरी कुणाला काही समजत नसे, आणि मूल महिनोन् महिने शाळेबाहेर राही. रॉजर्सबाई मुलांच्या घरी जाऊन काय करायचं ते सांगू लागल्या आणि मुलं परत यायला लागली. शाळेतली नर्स मुळातच शाळा आणि घर यांच्या मधली. आपल्याकडे तिला मलमपट्टीच्या खोलीत बसवलं आणि हा धागा सुटला.

पुढच्या दोन भेटी आम्ही चक्क स्टेशनरीवर घालवल्या. कार्बन लावून दोन प्रती निघतील असं चिठ्ठीबुक. डोक्याला मार लागला की चिठ्ठी आणि फोन, दोन्ही, आणि फोन मूल घरी पोचायच्या आधी. चिठ्ठीवर किती वाजता आणि कसं लागलं, काय दिसलं, काय केलं. त्याखाली पुढचे ४८ तास काय पाहायचं ते ठळक: पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी किंवा जागं करायला त्रास, बरळणं, चालताना तोल जाणं, झटका, नाका-कानातून पाण्यासारखं किंवा रक्त येणं. यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना, वाट पाहायची नाही. आणि एक ओळ सिस्टरांनी स्वतः घातली: "झोपू द्यायला हरकत नाही, हाक मारल्यावर नीट जागं होतंय ना एवढं पाहा." डोक्याला लागलं की रात्रभर झोपूच द्यायचं नाही हा समज अजून घरोघरी आहे. त्यापायी रडवेलं, पेंगुळलेलं मूल सकाळी खरंच आजारी दिसायला लागतं.

किरकोळ खरचटण्याला फक्त डायरीत एक ओळ. फोन नाही.

वर्गातून येणाऱ्या लोंढ्यासाठी उलट दिशेची चिठ्ठी. शिक्षकांनी वेळ आणि तक्रार एका ओळीत लिहायची, सिस्टरांनी परत पाठवतानाची वेळ टाकायची. त्रास एवढाच, पण एका ओळीच्या आळसापायी निम्मी पाठवणी थांबते. जी मुलं तरीही येतात त्यांच्या चिठ्ठ्या महिन्याच्या शेवटी पसरून पाहाव्या. एकच मूल दर मंगळवारी त्याच तासाला येत असेल, तर ते पोट सिस्टरने एकटीने सांभाळायचं नसतं. वर्गशिक्षक आणि शाळेच्या समुपदेशकाला तिथे ओव्हर द्यायचा.

पोटदुखीचं तंत्र सिस्टरांनी मला शिकवलं, मी त्यांना नाही. "एका बोटाने दाखव" म्हणायचं. बोट बेंबीवर गेलं आणि मूल दोन उड्या हसत मारू शकलं, तर बहुधा घाबरायचं कारण नसतं. बोट बेंबीपासून दूर, विशेषतः उजवीकडे खाली गेलं, उडी मारताना तोंड वाकडं झालं, ताप किंवा उलटी असली, तर लगेच घरी फोन आणि डॉक्टर. मग दोन प्रश्न: सकाळी काय खाल्लं, आणि शी कधी झाली. साडेसहाच्या बसला कपभर दूध पिऊन आलेल्या मुलाचं दहापर्यंत पोट दुखणारच. शाळेच्या शौचालयाचा वास नको म्हणून दिवसभर दाबून ठेवणारी मुलं तर प्रत्येक वर्गात सापडतात.

औषधाबाबत मी त्यांना ठाम राहायला सांगितलं, कारण इथली चूक खरी चूक असते. डॉक्टरची चिठ्ठी, पालकांची लेखी संमती, मूळ लेबल असलेली बाटली. तिन्हीतलं एक नसेल तर औषध नाही. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं मिळतं आणि २५० चंही. वीस किलोच्या मुलाला एका वेळी २०० ते ३०० मिलिग्रॅम बसतं, म्हणजे किलोला १० ते १५. "आई दोन चमचे म्हणाली" म्हणून २५० च्या बाटलीतून १० मिलिलिटर दिलं, तर ते ५०० होतं. दुसरा सापळा म्हणजे घरून डोस देऊन पाठवलेला ताप. साडेसहाला औषध, शाळेत अंग गार, दहाला पुन्हा फणफण. म्हणून द्यायच्या आधी घरी विचारायचं, शेवटचा डोस कधी? दोन डोसांत किमान चार तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. अशा मुलाला खरं तर घरी न्यायलाच सांगावं.

शिक्षकांचं बीपी गुरुवारी शाळा सुटल्यावर. डबा खाताना दाराला पाटी, "१५ मिनिटं. रक्त, झटका, धाप असेल तर आत या."

हे सगळं सहज झालं असं मुळीच नाही. "छापील चिठ्ठी पाहून पालक उगाच घाबरतील," असं वरून उत्तर आलं. सिस्टर त्या आठवड्यात रडवेल्या होऊन आल्या. आम्ही मागणी लहान केली: एकच महिना, फक्त डोक्याच्या दुखापतीपुरती चिठ्ठी. महिन्यानंतर कुणी विषयच काढला नाही, आणि शाळांमध्ये मंजुरी बहुतेक वेळा अशीच मिळते. पगार शिक्षकांपेक्षा कमीच राहिला. सेफ्टी पिनाही चालूच आहेत. फोन मात्र दिवसाला तीन-चारवर आले. आणि 'च'चा अभ्यास वाया गेला नव्हता. चिठ्ठी दिल्यावरही कधी छाती धडधडली की सिस्टर स्वतःलाच विचारत, "मी ओव्हर दिला का? दिला. मग आता ड्यूटी कुणाची?"

त्यानंतर आलेल्या तिघींना मी पहिल्याच भेटीत विचारलं की शाळा सुटताना तुम्ही ओव्हर कुणाला देता. तिघीही आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या.

सातव्या, शेवटच्या भेटीला सिस्टर एका चिठ्ठीची गोष्ट घेऊन आल्या. दुसरीतली मुलगी झोक्यावरून पडली होती, मागे डोक्याला मार. चिठ्ठी घरी गेली आणि सकाळी डायरीतून परत आली. खाली आईने पेन्सिलने लिहिलं होतं, "रात्री ११, २ आणि ५ ला उठवून पाहिलं. प्रत्येक वेळी चिडली. ठीक आहे."

"एवढं तीनदा उठवायची गरज नव्हती," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. "पण मॅडम, बाईने ओव्हर घेतला!"