पाणी गोड, पण नायट्रेट ७८

प्रश्न : आमच्या बोअरचं पाणी गोड, काचेसारखं नितळ. तरी तपासणीत नायट्रेट ७८ आलंय. सासूबाई म्हणतात, उकळून घे, झालं. बाळ तीन महिन्यांचं आहे, वरचं दूध चालू आहे.
– एक वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर : ताई, इथे सासूबाईंचं ऐकू नका. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट हा पाण्यात विरघळलेला क्षार, तो जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी फिरवूनही उपयोग नाही. बाळाची दुधाची पावडर या पाण्यात कालवणं आजच थांबवा. लहान बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद नायट्रेटमुळे कमी होते. ओठ-नखं निळसर दिसली, तर तडक दवाखाना गाठा.

आय. एस. १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइडसारख्या दुसऱ्या घटकाला १ वरून १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत मिळते, तीही दुसरा स्रोत नसेल तरच. नायट्रेटला तेवढीही नाही. गंमत अशी, की हे मानक तुमच्या खासगी बोअरवर कुणी येऊन लादत नाही. नळयोजनेचं पाणी तपासलं जातं, आपल्या बोअरचं आपणच बघायचं.

मी प्रयोगशाळेत होतो तेव्हा असा आकडा आला, की पहिला प्रश्न विचारायचो : उकिरडा कुठाय? बहुतेकदा बोअरपासून दहा पावलांवर. शेणखत, शोषखड्डा, युरिया, सगळं झिरपत खाली जातं. तुमच्याकडे काय आहे ते बघा. तोवर बाळासाठी तपासलेलं नळाचं किंवा आर. ओ.चं पाणी घ्या.