शहाला उत्तर : सात पुस्तके आणि एक हत्ती

२०२५ च्या नोव्हेंबरात गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला, उझबेकिस्तानचा एकोणीस वर्षांचा सिंदारोव तो घेऊन गेला, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणारी पत्रे दुप्पट झाली आहेत. म्हापशात देवळाच्या अग्रशाळेत मी घेतो त्या रविवारच्या वर्गाचेही तेच. सोळा पट आहेत, पोरे आळीपाळीने बसतात. बहुतेक पत्रांत एकच प्रश्न असतो : काय विकत घेऊ?

*सर, मुलगा सहावीत आहे. त्याला लाकडी पट आणि शिसवी सोंगट्या हव्यात. साडेनऊ हजारांचा एक संच पाहिला आहे. घेऊ का? घड्याळही लागेल का?*
*— एक आई, फोंडा*

ताई, एवढ्यात नका घेऊ. मी घेतला होता. शाळेत गणित शिकवायचो तेव्हा वेतन आयोगाची थकबाकी एकरकमी हातात आली, आणि बायकोला न विचारता मी मधोमध दुमडणारा शिसवी पट आणला. मे महिन्यात तो आरशासारखा होता. ऑगस्टमध्ये मधल्या सांध्याची एक पट्टी फुगून वर आली, इतकी की चौथ्या ओळीतला उंट आपला आपण पाचव्या ओळीकडे कलायचा. घोड्यांच्या तळाचे हिरवे कापड सुटले, खाली पांढरी बुरशी. दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, पावसाळ्यात वापरू नका. जून ते सप्टेंबर आम्ही काय पत्ते कुटायचे?

तुम्ही गुंडाळता येणारा व्हिनाइलचा पट आणि तळाला वजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या सोंगट्या घ्या. हजार-बाराशेत काम होते. पटाचे घर पाच ते सहा सेंटिमीटर आणि राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर, हे स्पर्धेचे माप. दुकानात फूटपट्टी नसेल तर चार प्यादी एकाच घरात उभी करून पाहा. चारही मावली तर मापे जुळतात, एक जरी रेषेबाहेर गेले तर पट लहान. जादा वजीर दोन आहेत का तेही बघा. नसले की मुले उलटा हत्ती ठेवतात, आणि स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच धरला जातो. पट गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा, म्हणजे उलगडल्यावर कडा वर वळत नाहीत. आणि घडी कधीच घालू नका, ती रेघ जन्माची.

घड्याळ तो स्पर्धा खेळायला लागेल तेव्हा. डिजिटलच घ्या, दर चालीला तीस सेकंद वाढवून देणारे. जुन्या चावीच्या घड्याळाला ते जमत नाही. तोवर घरी मोबाइल चालेल. पावसाळ्यात न वापरता ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा, नाहीतर चतुर्थीच्या सुट्टीत उघडाल तेव्हा आत हिरवा गंज असेल.

*सर, माझे रेटिंग दीड वर्ष १५४० च्या आसपास अडकले आहे. माझ्याकडे डावाच्या सुरुवातींपैकी सिसिलियन नायडॉर्फवर तीन पुस्तके, किंग्ज इंडियनवर दोन, ट्रॅप्सचे म्हणजे सापळ्यांचे एक आणि एंडगेमचे म्हणजे डावाच्या शेवटाचे एक आहे. पुढचे कोणते घेऊ? हरलेले तीन डाव सोबत पाठवते.*
*— अकरावीतली विद्यार्थिनी, डिचोली*

बाय, डाव पाठवलेस हे फार बरे केलेस. असे कोणी करत नाही. सगळे फक्त पुस्तकाचे नाव विचारतात.

तिन्ही डाव मी पटावर मांडून पाहिले. नोंदीच्या कागदावर तू घड्याळाची वेळही लिहिली आहेस, म्हणून तुझी चोरी पकडता आली. पहिल्या डावात चौदा चाली नऊ मिनिटांत. नायडॉर्फ, सगळ्या चाली पुस्तकातल्या, एकही चूक नाही. सतराव्या चालीला समोरच्याचा घोडा मध्यावर आला आणि तुझे पाठांतर संपले. तिथे वीस मिनिटे बसायला हवे होते, तू एका मिनिटात प्यादे मारलेस. दुसऱ्या डावात बाविसाव्या चालीला घोड्याने राजा आणि हत्ती एकदम धरले. हे तर आमच्या वर्गातली आठवीची मुले बघतात.

तिसरा डाव मात्र शिकण्यासारखा आहे. एक्कावन्नाव्या चालीला काय होते ते बघ. पांढऱ्याचे राजाच्या पट्टीतले, म्हणजे राजा सुरुवातीला असतो त्या उभ्या रांगेतले, प्यादे पाचव्या ओळीत, शेजारी वजिराच्या पट्टीत त्याचा राजा, त्याचा हत्ती सातव्या ओळीत तुझ्या राजाला कोंडून. तुझा राजा प्याद्याच्या वाटेवर, शेवटच्या ओळीत. तुझ्याकडे एकटा हत्ती. हा डाव बरोबरीचा होता. तू घाबरून हत्ती आठव्या ओळीत राजाजवळ आणलास. पांढऱ्याचा राजा सहाव्या ओळीत शिरला आणि सात चालींत संपले.

हत्ती ठेवायचा होता सहाव्या ओळीत, पांढऱ्याच्या बाजूने मोजून. तिथे तो कुंपण होतो, राजा पुढे येऊच शकत नाही. तू नुसता त्याच ओळीत इकडेतिकडे सरकवत राहा. वाट पाहून कंटाळून तो प्यादे सहाव्या ओळीत ढकलतो. ढकलले रे ढकलले की हत्ती थेट पहिल्या ओळीत न्यायचा आणि मागून शह द्यायला लागायचे. आता त्याच्या राजाला आडोसा नाही, कारण ज्या घरात तो लपला असता तिथे त्याचेच प्यादे उभे आहे. एवढेच. हे अठराव्या शतकात फिलिडोर नावाच्या फ्रेंच माणसाने दाखवून ठेवले आहे, जो धंद्याने संगीतकार होता.

मी हे १९८७ साली फोंड्याच्या एका स्पर्धेत चुकलो. अगदी तुझ्यासारखाच हत्ती मागे नेला. समोर आठवीतला मुलगा होता, एका हाताने मिरचीभजी खात होता. परतीच्या कदंबच्या बसमध्ये म्हापशापर्यंत मी कोणाशी बोललो नाही.

तर पुढचे पुस्तक कोणतेही नको. तुझ्या यादीत शेवटी लिहिलेले ते एंडगेमचे पुस्तक काढ. सिल्मनचे असेल तर उत्तमच, त्यात प्रकरणे रेटिंगप्रमाणे लावली आहेत. आपल्या पायरीपर्यंत वाचायचे आणि पुस्तक मिटायचे. दुसरे कोणाचे असेल तर फक्त हत्ती-प्याद्याचे प्रकरण. पट मांडून वाच, मोबाइलवर नाही. उत्तर झाकायला मी कदंबचे जुने तिकीट वापरतो. आधी आपली चाल वहीत लिहायची, मग तिकीट सरकवायचे. मनात ठरवले आणि उत्तर बघितले की आपल्याला सगळे आलेलेच असते.

आणि रोज वीस मिनिटे कोडी. लास्लो पोल्गारच्या जाड पुस्तकात कोडी आणि छोटे डाव मिळून ५,३३४ आहेत, सुरुवातीची ३०६ एका चालीत मात करायची. तू म्हणशील, ही तर बाळबोध आहेत. मग ती भराभर सोडव आणि किती चुकतात ते मला कळव. चाली तपासणारे संगणकाचे इंजिन हरलेल्या डावाला दुसऱ्या दिवशी लाव. पहिल्या दिवशी आपल्या हाताने, कुठे भीती वाटली ते कागदावर लिहून.

नायडॉर्फची तीन पुस्तके? एक ठेव. दोन वाचनालयाला दे, नाहीतर वर्गात आणून दे, पटांच्या खाली ठेवायला उपयोगी पडतील.

*सर, माझ्या तेरा वर्षांच्या मुलाचे रेटिंग २०२४ साली एकदम १२१० वरून १५२६ झाले. नंतर घसरत १४६२ वर आले. आपल्या गोव्याचा लिऑन मेंडोन्सा चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला होता. आमचे काही चुकते आहे का?*
*— एक वडील, मडगाव*

चढले ते तुमच्या मुलाने चढवले नव्हते, म्हणून उतरले त्याचेही एवढे मनाला लावून घेऊ नका. मार्च २०२४ मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, दोन हजारांच्या खालच्या सगळ्यांनाच वाढ दिली. दोन हजारातून रेटिंग वजा करायचे, येईल त्याचे चाळीस टक्के मिळवायचे. ७९० चे चाळीस टक्के ३१६, आणि १२१० अधिक ३१६ म्हणजे तुमचे १५२६. गणिताचा मास्तर आहे, ताळा करून पाहिला. अठरा वर्षांखालच्या मुलांना गुणक ४० असतो, म्हणजे बरोबरीच्या खेळाडूकडून एक डाव हरला की वीस गुण गेले. चौसष्ट गुण म्हणजे तीन-सव्वातीन डाव. एका शनिवार-रविवारचे काम.

लिऑनचे म्हणाल तर तो २०२० साली टाळेबंदीत युरोपात अडकून पडला होता आणि तिथेच महिनोन् महिने एकामागून एक स्पर्धा खेळला, ग्रँडमास्टर व्हायला स्पर्धांत जे नॉर्म, म्हणजे ठरलेली कामगिरी, लागते त्यातला शेवटचा इटलीत केला. ते वर्ष तुमच्या मुलाचे नाही. त्याच्या हरलेल्या डावांचे कागद पाठवा, रेटिंगचा आकडा नको.

*सर, निवृत्तीनंतर पुन्हा खेळायचे मनात आहे. वडिलांच्या पेटीत एक जुने इंग्रजी पुस्तक मिळाले, चेर्नेव्हचे. चाली 'पी-के ४' अशा लिहिल्या आहेत, काही उमगत नाही. टाकून द्यावे का?*
*— एक निवृत्त पोस्टमास्तर, पेडणे*

टाकू नका हो! चेर्नेव्हचे तेहतीस डावांचे असेल तर सुरुवात करणाऱ्याला याहून चांगले पुस्तक मी देऊ शकणार नाही. त्यात प्रत्येक चालीला कारण दिले आहे, अगदी पहिल्या प्याद्यालासुद्धा. डाव बदलला तरी चेर्नेव्ह तेच पुन्हा सांगतो. कंटाळवाणे वाटेल, वाटू द्या.

लिपी सोपी आहे. पी म्हणजे प्यादे, के म्हणजे राजाची पट्टी, चार म्हणजे चौथे घर. खुबी एवढीच की दोघेही आपापल्या बाजूने मोजतात. म्हणून पांढऱ्याचे आणि काळ्याचे 'पी-के ४' ही दोन वेगळी घरे, समोरासमोर. घोड्याला एन किंवा केटी. आपण पूर्वी 'राजाचे प्यादे दोन घरे' म्हणायचो, तोच प्रकार. फिडेने १९८१ पासून ही पद्धत बंद केली. तेव्हा पुस्तक वाचा जुन्या पद्धतीने, पण स्पर्धेत डाव लिहा नव्या, 'ई ४' अशा पद्धतीने. पहिले दोन डाव पेन्सिलने समासात नव्या चाली लिहीत जा, तिसऱ्यापासून पेन्सिल लागणार नाही.

पेटीतले पुस्तक म्हणजे बुरशी असणारच. सोप्यावर सावलीत उघडे ठेवा, उन्हात नको, शिवण सुटते. मग कोरड्या ब्रशने झटका आणि कपाटात कापूर ठेवा. रविवारी चार वाजता म्हापशाला येणार असाल तर ते घेऊन या. पहिला डाव आपण मिळूनच मांडू. काळे मी घेतो.