गळाला काय बांधू? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीच पत्रं फ्लाय फिशिंगचीच आहेत, म्हणजे गळावर पिसं, केस बांधून केलेलं हलकं खोटं आमिष (तीच फ्लाय) टाकून मासे धरण्याची, अन् मला त्याचा फार आनंद झाला, कारण आपल्याकडच्या बोड्यांवर (शेतातल्या छोट्या तळ्यांवर) अन् मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर हा रॉड घेऊन उभा राहणारा माणूस अजून क्वचितच दिसतो. चार पत्रं निवडली. जिथं सांगण्यासारखं जास्त होतं तिथं सविस्तर लिहिलंय.

प्रश्न (साकोली तालुका): भाऊ, मावसभावानं मले पाच नंबरचा फ्लाय रॉड अन् ट्राउटच्या फ्लायचा डबा देला. दोन महिने झाले, बोडीत टाकून राहिलो. चिलापी लागते, पण मरळ लागली का धागा तोडूनच नेते. रॉड खराब हाय का मीच चुकून राहिलो?

उत्तर: रॉड चांगला आहे भाऊ, अन् तुम्हीही चुकत नाही. तो डबा थंड पाण्यातल्या, छोट्या तोंडाच्या माशासाठी भरलेला आहे, एवढंच. साध्या गरीत शिशाचं वजन धाग्याला ओढून नेतं, फ्लायमध्ये उलटं असतं, फ्लायला वजनच नसतं म्हणून लाइनच जड करतात अन् तीच फ्लायला घेऊन जाते. रॉडवर असतो त्याच नंबरची लाइन त्याला लावतात, अन् लाइनचा नंबर म्हणजे तिच्या पहिल्या 30 फुटांचं वजन. पाच नंबरची लाइन 140 ग्रेन म्हणजे साधारण 9 ग्रॅम, आठ नंबरची 210 ग्रेन म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. मरळीसाठी लागते बेडकाएवढी फुगीर फ्लाय, अन् ती हवा कापत जायला पाच नंबरच्या लाइनीत जोरच नाही. म्हणून मरळीसाठी आठ नंबरचा नऊ फुटी रॉड अन् तरंगणारी लाइन घ्या, पाच नंबरचा चिलापीसाठी ठेवा, त्यावर चिलापी खेळवायला जी मजा येते ती आठवर येत नाही.

आता धागा. डब्यासोबत आलेला टिपेट, म्हणजे फ्लायला बांधायचा टोकाचा बारीक धागा, बहुतेक 5एक्स जाडीचा असेल. हा हिशोब सोपा आहे, 11 मधून एक्सचा आकडा वजा करा, उरलं ते इंचाचे हजारावे भाग, म्हणजे 5एक्स झाला 6 हजारांश इंच, जेमतेम 0.15 मिलिमीटर. मरळीच्या जबड्यात दात आहेत अन् लागल्याबरोबर ती कमळाच्या देठांत घुसते, तिथं हा धागा टिकणारच नाही. 0.40 ते 0.50 मिलिमीटरचा साधा नायलॉन लावा, लीडर (लाइन अन् फ्लाय यांच्यामधला धागा) सात फुटांपेक्षा लांब नको, गळ 1/0 किंवा 2/0 नंबरचा. अन् एक सांगतो, मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते, पाण्यावर गुळकन् आवाज होऊन वर्तुळ उठतं, तिथून दोन हात पुढं फ्लाय टाका अन् पाच-सहा सेकंद अजिबात हलवू नका. घाई केली की गेली.

बोडी मच्छीमार सोसायटीला ठेक्यानं दिलेली असेल तर आधी त्यांना विचारून घ्या. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे.

प्रश्न (देसाईगंज, वडसा): दादा, माझ्या घरी गावरान कोंबड्या आहेत. मला फ्लाय स्वतः बांधायच्या आहेत पण ऑनलाइन पिसांचं एक पाकीट बघितलं तर किंमत बघूनच बंद केलं. घरची पिसं चालतात का? शेतात मोराची पिसं पण सापडतात, अन् आमचे एक काका म्हणतात की रानकोंबड्याचं पीस सगळ्यात भारी. शिवाय मागच्या वर्षी जमवलेली पिसं किड्यांनी खाल्ली.

उत्तर: ताई, घरची पिसं चालतात काय, मी स्वतः कित्येक वर्षं तीच वापरतोय. फक्त कोणतं पीस कुठं ते समजून घ्या. विकतचं जे महाग पीस असतं ते खास त्यासाठी पाळलेल्या कोंबड्यांचं असतं, त्याचे तंतू ताठ असतात म्हणून छोटी फ्लाय पाण्यावर उभी राहते. आपल्या गावरान कोंबड्याच्या मानेचं पीस मऊ असतं, पाणी पितं अन् बुडतं, म्हणजे तरंगणाऱ्या बारीक फ्लायला नाही चालत पण पाण्याखालच्या फ्लायला एकदम बरोबर. वूली बगर नावाची जी फ्लाय आहे, पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंगनं 1967 मध्ये बांधलेली, तिच्या अंगावर असंच मऊ पीस गुंडाळतात, अन् शेपटीला कोंबडीच्या मांडीजवळची भुसभुशीत पिसं लावली तरी पाण्यात जिवंत असल्यासारखी हलते. बेडकाचे पाय करायला मानेची लांब पिसं घ्या, दोन डावीकडं दोन उजवीकडं, बाक बाहेरच्या बाजूला ठेवून बांधा, ओढलं की मिटतात अन् थांबलं की उघडतात. अंगाला जुन्या चपलेचा फोम. ब्लेडनं बोटाच्या पेराएवढा तुकडा कापा, खालून चीर द्या, गळाच्या दांडीवर आधी धागा गच्च गुंडाळून मग फेविक्विकनं बसवा, नुसत्या गुळगुळीत दांडीवर बसवला की फिरतो. लांब केस हवे असतील तर बोकडाचे घ्या, खाटकाकडं मिळतात.

किड्यांचं म्हणाल तर पिसं शाम्पूच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग झिपच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, बाहेर काढून दोन दिवस राहू द्या अन् परत आठवडाभर. पहिल्या वेळेस वाचलेली अंडी दुसऱ्या वेळेस जातात. डब्यात डांबरगोळी टाका.

आता मोर अन् रानकोंबडा, इथं मी जरा कडक बोलणार आहे. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आहे अन् 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला मारणं गुन्हा आहे. आपोआप गळालेलं शेपटीचं पीस घरी वापरायला हरकत नाही, परदेशात मात्र पाठवता येत नाही. त्याचे बारीक हिरवे तंतू अंगाला गुंडाळले की इतके सुंदर चमकतात की विकतचं काहीच जवळ येत नाही, पण ते नाजूक असतात, वरून उलट्या दिशेनं तांब्याची तार फिरवा. रानकोंबड्याला हात लावायचा नाही. त्याच्या मानेच्या पिसावर मेणासारखे पिवळे ठिपके असतात अन् विलायतेतल्या सालमन माशाच्या फ्लायसाठी एके काळी त्याला जबर मागणी होती, त्यापायी किती पक्षी गेले. आता तिकडं पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. काकांना प्रेमानं सांगा, मरळीला त्या ठिपक्यांचं काहीच पडलेलं नसतं. मुंगूस, खार, चितळ यांचे केसही तसेच, कोणी आणून दिले तरी घेऊ नका.

प्रश्न (मूल): तांब्याची तार, डोळ्याचे मणी, वार्निश, हे सगळं मुंबईहूनच मागवावं लागते काय?

उत्तर: नाही. मोटारपंप रिवायंडिंगच्या दुकानात जा, जळालेल्या मोटारीची बारीक तार ढिगानं पडलेली असते, मागितली तर तशीच देतात. मणी म्हणून किल्ल्या अडकवायच्या किचेनची गोळ्यांची साखळी दोन-दोन गोळ्यांत कापा, वार्निशऐवजी बिनरंगाची नेलपॉलिश. मोठ्या फ्लायला शिलाईचा पॉलिस्टर धागा पुरतो. पैसा फक्त गळावर घालवा, स्वस्त गळ सरळ होतो.

प्रश्न (आर्वी): उन्हाळ्यात लाइन चिकट होऊन रॉडच्या कड्यांतून निघतच नाही. अन् मागं बेशरमची झुडपं, दर फेकीला फ्लाय अडकते. काय करू?

उत्तर: लाइन थंड पाण्यासाठीची असणार. तिचं आवरण अन् आतला गाभा दोन्ही मऊ असतात अन् आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 ला जातो. उष्ण प्रदेशासाठी वेगळी, ताठ गाभ्याची लाइन मिळते, ट्रॉपिकल लिहिलेली, पुढच्या वेळी तीच घ्या. तोवर साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा, गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, अन् डासांचं मलम लावलेला हात लाइनला लावू नका, त्यातल्या औषधानं आवरण खराब होतं.

बेशरमसाठी रोल कास्ट शिका. लाइन मागं फेकायचीच नाही, पाण्यावर पडलेली लाइन हळूहळू स्वतःकडं ओढत रॉड कानापर्यंत आणायचा, तिचा पोटासारखा झोळ खांद्यामागं लोंबकळू द्यायचा, क्षणभर थांबायचं अन् खिळा ठोकल्यासारखा पुढं झटका द्यायचा. पाण्याची पकड लागते, म्हणून अंगणात नाही जमत, पाळीवरच सराव करा, चष्मा अन् टोपी घालून, गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून.

अन् पाऊस लागल्यावर पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा बुडबुडताना दिसला तर तिथं फ्लाय टाकू नका. मरळ खालीच राखण करत असते अन् फ्लायवर तुटून पडते, भूक म्हणून नाही, पिल्लं वाचवायला. ती गेली की बाकीचे मासे थवा संपवून टाकतात. तेवढे दिवस चिलापी धरा.