वाळवंटातले किडे : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकातला अमेरिकेतल्या सोनोरन आणि मोहावे वाळवंटांवरचा लेख वाचून बरीच पत्रं आली, त्यात निम्मे प्रश्न किड्यांबद्दलच होते, म्हणून या वेळी फक्त तेच घेतोय.

प्रश्न : ॲरिझोनात उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत पारा जातो म्हणे, मग एवढेसे किडे त्यात जगतात कसे?

बरेचसे किडे त्या उन्हात येतच नाहीत. जमिनीत थोडं खाली गेलं की बराच गारवा असतो, त्यामुळे दिवसभर बिळात नाहीतर दगडाखाली बसायचं आणि अंधार पडला की बाहेर पडायचं. खरी भीती अंगातलं पाणी उडून जाण्याची असते, एवढ्याशा शरीरात पाणी असून असून असणार किती. तिथल्या काळ्या पिनाकाटे भुंगेऱ्याचे वरचे टणक पंख एकमेकांना कायमचे जुळलेले असतात, त्यामुळे उडणं गेलं पण पंखांखाली हवेची बंद पोकळी राहते आणि ओलावा टिकतो. (कुणी छेडलं तर हा डोकं खाली, बूड वर करून उभा राहतो आणि घाण वासाचा, झोंबणारा द्रव सोडतो.)

पण याच्या अगदी उलट वागतो तो अपाचे सिकाडा, म्हणजे झाडाचा रस पिणारा एक किडा. पक्षीसुद्धा सावली धरून बसतात अशा भर दुपारी नर झाडावर बसून कर्कश गात असतो, कारण तेव्हा खाणारं कुणी फिरकत नाही. आणि हे जमतं कसं, तर चक्क घाम येतो त्याला! फांदीत सोंड खुपसून झाडातलं पाणी ओढत राहायचं आणि अंगावरच्या बारीक छिद्रांतून ते बाहेर सोडायचं, त्यामुळे शरीर बाहेरच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड राहतं. वाळवंटात राहून पाण्याची अशी उधळपट्टी परवडते, कारण झाडाची मुळं त्याच्यासाठी खोलवरून पाणी आणत असतात.

प्रश्न : मोहावेतल्या जोशुआ ट्री या टोकदार पानांच्या झाडाचं परागीकरण एकच पतंग करतो हे खरं का?

जवळजवळ खरं. पतंग दोन जातींचे आहेत, मोहावेच्या पश्चिमेकडच्या झाडांसाठी एक आणि पूर्वेकडच्या झाडांसाठी दुसरा, बाकी कुणाच्याने ते काम होत नाही. मला विचाराल तर या वाळवंटातली सगळ्यात भारी गोष्ट हीच. मादीच्या तोंडाजवळ खास वळणारे अवयव असतात, त्यांनी ती पराग खरवडून गोळा करते, त्याचा गोळा डोक्याखाली धरून दुसऱ्या फुलावर जाते, तिथे फुलाच्या बीजकोशात अंडी घालते आणि मग वर चढून कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या पराग घेणाऱ्या भागावर, पराग नीट दाबून बसवते. स्वतः काही खायला मिळावं म्हणून नाही, कारण मोठा झालेला पतंग खातच नाही. बी धरलं तरच तिच्या अळ्यांना खायला मिळणार, म्हणून हा सगळा खटाटोप. अळ्या थोडंच बी खातात, बाकीचं झाडाला उरतं. त्यामुळे पतंग गेला तर झाडाला बी नाही आणि झाड गेलं तर पतंगही संपला, म्हणून ही झाडं वाचवायची तर पतंगाकडेही तेवढंच लक्ष द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : विंचू आणि टॅरँटुला पण किडेच ना?

नाही. किड्यांना सहा पाय, यांना आठ. दोघंही कोळ्यांच्या गटातले, टॅरँटुला तर मोठा केसाळ कोळीच.

प्रश्न : टॅरँटुला हॉक ही गांधीलमाशी माणसाला मारू शकते का?

डंख भयंकर दुखतो. जस्टिन श्मिट या कीटकशास्त्रज्ञांनी डंखांच्या वेदनेची मोजपट्टी केली, त्यात ती सगळ्यात वरच्या म्हणजे ४ नंबरवर आहे, पण कळ काही मिनिटांत ओसरते आणि ॲलर्जी नसेल तर जिवाला सहसा धोका नसतो. डंख फक्त मादीला असतो आणि तो खरं तर टॅरँटुलासाठी असतो, त्याला लुळा करून बिळात ओढायचं, त्याच्यावर एक अंडं घालायचं आणि बीळ बुजवायचं. माणसाच्या वाटेला ती आपणहून जात नाही. न्यू मेक्सिकोने तर १९८९ मध्ये तिला राज्याचा कीटक केलं.

प्रश्न : मुलगा ॲरिझोनातल्या टूसॉनला असतो, किडे बघायला कधी जाऊ?

काकू, जुलै-ऑगस्टमध्ये जा. तेव्हा तिथला मान्सून असतो आणि पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी मोठमोठे पालो व्हर्दे भुंगेरे बाहेर येतात, बोटाएवढे लांब. दुपारी मात्र फिरू नका, पाणी भरपूर ठेवा, बूट घालण्याआधी झटका. सागुआरो नॅशनल पार्कमध्ये गेलात तर फोटो हवे तेवढे काढा, पण परवान्याशिवाय किडे गोळा करायला तिथे बंदी आहे.